पोत्यांना हात नसतात

धैर्यशीलनं माझी कॉलर धरली ती बेळगाव सोडल्यावर लागणाऱ्या एका चहाच्या टपरीवर, चार माणसांदेखत. माझ्या हातातला पेला निसटला आणि गरम चहा माझ्या पायावर सांडला.

"मगदूम, आज तिथं तोंड उघडलंस तर दात घशात घालीन. समजलं?"

"समजलं, दादा. पण तात्यांनी विचारलं तर सांगावं लागणारच."

त्यानं मला टपरीच्या खांबावर आदळलं. वरचे पत्रे खडखडले आणि टपरीवाला कन्नडमधून ओरडला. तेवढ्यात तात्यांनी जीपच्या दारावर छडी आपटली. "काय चाललंय रं तिकडं?"

धैर्यशीलनं कॉलर सोडली आणि वर ती सारखीही केली, नवरदेवाची करतात तशी. "काही नाही तात्या. मगदूमच्या अंगावर चहा सांडला."

मी जातीचा जैन. लहानपणापासून आईनं मुंगीवर पाय पडू दिला नाही, पण राग मात्र देवानं माझ्या नाकाच्या शेंड्यावर ठेवलेला. आज काही झालं तरी हात उचलायचा नाही असं मी सकाळी घरातून निघतानाच ठरवलं होतं. ते किती वेळ टिकलं ते सांगतोच.

सत्त्याण्णव सालचा मार्च महिना होता. सांगली-कोल्हापूर रस्त्यावर तात्यासाहेब इंगवल्यांचं 'मौजमळा' नावाचं पार्क होतं आणि मी, भूपाल मगदूम, तिथला मुख्य फिटर होतो. तात्यांनी सुरुवात केली ती जत्रेत हातानं फिरवायच्या दोन लाकडी पाळण्यांवर. मग मोटरचे पाळणे आले, ड्रॅगन आला, आणि शेवटी त्यांनी रस्त्याकडेचा उसाचा मळा मोडून त्यात पार्क उभं केलं. त्या साली आमच्यापासून चाळीस किलोमीटरवर दुसऱ्या एका पार्कनं भलामोठा रोलर कोस्टर आणला. आमच्याकडची गर्दी रविवारीसुद्धा ओसरली. आता आपणही काहीतरी घेतलं पाहिजे यावर सगळ्यांचं एकमत होतं. काय घ्यायचं यावर घरात भांडी फुटत होती.

समोर रोलर कोस्टरच्या दोन गाड्या होत्या. एक लहान, नवी कोरी, आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांनी एकत्र बसावं अशी. दुसरी एका बंद पडलेल्या पार्कातली, लालभडक, दोनदा उलटी होणारी. तिच्यासाठी तात्यांच्या मुलानं, धैर्यशीलनं, जीव टाकला होता. तो पुण्याहून मॅनेजमेंट शिकून आला होता आणि गाडी घ्यायच्या आधीच त्यानं हायवेवर फलक लावून टाकला होता: 'येत आहे, तांडव!' फलक उतरवणं म्हणजे सगळ्या जिल्ह्यात हसं.

मी आदल्या मे महिन्यात फाटकावर उभं राहून महिनाभर माणसं मोजली होती. आमच्याकडं माणूस एकटा येत नाही. दहाजणांचं घर येतं. त्यात एक आजी, दोन बुटकी पोरं, एक पोटुशी सून, एक बीपीवाले काका. उंच गाडीत बसणार चौघं, आणि सहाजण खाली पिशव्या सांभाळत उन्हात उभे राहणार. ते सहाजण कंटाळले की दहाही घरी जातात. हे मी बैठकीत सांगितलं, तर धैर्यशील म्हणाला, "मग काय, फलकावर आजी छापू?" सगळे हसले. मलाही हसू आलं, खोटं कशाला सांगू.

तात्यांची पारख करायची रीत वेगळीच होती. जत्रेतली. चालू पाळण्याखाली चपला किती पडतात ते ते बघायचे. मग डोळे मिटून ओरडा ऐकायचे. "वरडून झाल्यावर मानसं हसली पायजेत," म्हणायचे. "नुसती वरडली तर पुन्हा येत न्हाईत." आणि शेवटी स्वतः पहिल्या डब्यात पुढच्या जागेवर बसायचे. गाडी साखळीला लागली की 'गणपती बाप्पा' म्हणून दोन्ही हात वर करायचे, ते गाडी परत येईपर्यंत खाली घ्यायचे नाहीत. अडुसष्टाव्या वर्षीसुद्धा. या फेरीशिवाय त्यांनी आजवर साधा पाळणाही विकत घेतला नव्हता. लहान गाडीत ते आदल्या आठवड्यात बसून आले होते आणि "बरी हाय" एवढंच म्हणाले होते. आज मोठीची पाळी होती.

आणखी एक गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मी नोकरीला लागलो त्या पहिल्याच वर्षी तात्यांनी मला छडीनं फोडून काढलं होतं. ड्रॅगनच्या तिसऱ्या डब्याचा एक नट मी नुसता हातानं आवळून सोडला होता. पाठीवर वळ उठेपर्यंत त्यांनी मारलं. "मानूस बसतोय त्यात, कांद्याची पोती न्हाईत!" असं प्रत्येक फटक्याला म्हणत होते. मग स्वतः हळद उगाळून लावली. लोकांना खोटं वाटेल, पण त्या दिवसापासून हा माणूस मला बापाच्या जागी झाला. एका नटासाठी दुसऱ्याची चामडी लोळवणारा मालक मी दुसरा पाहिला नव्हता.

आम्ही पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. पार्काच्या फाटकाला गंजलेली साखळी, आत कमरेएवढं गवत. त्या गवतातून लाल सांगाडा वर गेलेला. उन्हानं त्याचा रंग विटकरी झाला होता. विकणारे कब्बूर शेठ धोतर सावरत पुढं आले. त्यांच्यामागं दोन दांडगे गडी होते.

"एकदम फस्ट क्लास गाडी आहे बघा, साहेब. डबे सगळे नवे. जुने गंजले म्हणून इकडंच करून घेतले."

आमच्यात चौथा माणूस होता तो बाबालाल मुजावर. तात्यांचा जत्रेपासूनचा मिस्त्री. तो नुसत्या आवाजावरून बेअरिंग ओळखायचा. तात्या त्याला म्हणाले, "बाबालाल, तू तिकडं लांबच्या वळणाखाली जाऊन हुबा ऱ्हा. रूळ काय बोलतोय ते ऐक."

कब्बूरच्या गड्यांनी डब्यांत वाळूची पोती भरली. एका जागेवर एक पोतं, बसलेल्या माणसाएवढं. आमच्याकडंही अशीच चाचणी करायचे. चार फेऱ्या झाल्या. गाडी खरोखर चांगली पळत होती. मी तिसऱ्या वळणाखाली जाऊन उभा राहिलो. तिथं खालचा रूळ एका आडव्या गर्डरखालून जात होता. सगळा सांगाडा विटलेला, पण त्या गर्डरच्या खालच्या अंगाला हातभर लांबीत रंग ताजा होता, लालबुंद. पाचव्या फेरीला मी नुसता तेवढाच बघत राहिलो. पोत्यांची तोंडं आणि गर्डर यांच्यात जेमतेम हातभर अंतर राहत होतं.

गाडी थांबल्यावर मी फलाटावर जाऊन डब्यात वाकलो. सीटखाली वीतभर उंचीचे लोखंडी चॅनेल टाकून जागा उचलून घेतली होती. जुन्या चासीवर नवा डबा बसेना, म्हणून कुणीतरी केलेली ही जुळवाजुळव. कंपनीनं गर्डरची उंची धरली होती जुन्या, बुटक्या डब्यावर. नुसत्या बसलेल्या माणसाचं डोकं त्या गर्डरखालून सुटत होतं. हात वर केलेल्या माणसाचे हात सुटणार नव्हते.

मी धैर्यशीलला बाजूला घेतलं. मोठ्या माणसाच्या पोराचा मान ठेवून आधी त्यालाच सांगितलं.

"दादा, तात्यांना बसू देऊ नका. त्या गर्डरला हात लागतील."

"पाच फेऱ्या झाल्या. एक तरी पोतं घासलं का?"

"पोत्यांना हात नसतात, दादा."

त्यानं माझ्या पोटात गुद्दा मारला. मी वाकलो, तसा त्यानं माझ्या मानेवर कोपर हाणलं आणि मी फलाटावर गुडघ्यांवर आलो. "टपरीवर काय सांगितलं होतं?" तो दात खाऊन म्हणाला. "तुला ती पोरासोरांची गाडी पाहिजे म्हणून तू आता माझ्या बापाला भेडसावणार?" त्यानं गड्यांना खूण केली. एकानं माझा हात पाठीमागं पिरगळला, दुसऱ्यानं तोंडावर पंजा दाबला. त्याच्या पंजाला तंबाखूचा वास येत होता.

समोर तात्या पहिल्या डब्यात चढत होते. त्यांचा डावा कान जनरेटरच्या आवाजानं कधीच गेला होता आणि माझी बाजू नेमकी डावी होती. मांडीवरचा दांडा खाली आला आणि कुलूप लागलं. गाडी चालू-बंद करायच्या पॅनेलच्या केबिनमध्ये कब्बूरचा माणूस आतून कडी लावून बसला होता. कब्बूरनं हात हलवला. गाडी सरकली.

मी त्या पंजाला चावलो. मांस दाताखाली आलं तरी सोडलं नाही. तो किंचाळून मागं झाला. दुसऱ्याच्या तोंडावर मी डोकं मागं करून आपटलं, त्याच्या नाकातून रक्ताची धार लागली आणि माझा हात सुटला. कमरेला बत्तीस नंबरचा पाना होता, तो मी हातात घेतला. का घेतला ते त्या वेळी मलाही माहीत नव्हतं. मी धावत सुटलो.

साखळीच्या चढालगत दुरुस्तीचा जिना असतो. गाडी चढावर हळू जाते, चालत्या माणसाच्या वेगानं. मी तो जिना दोन दोन पायऱ्या घेत चढलो आणि पहिल्या डब्याच्या उजव्या बाजूला आलो.

"तात्या, हात खाली! हात वर करू नका!"

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि हसले. साखळीच्या खडखडाटात त्यांना माझा शब्दही कळला नसावा, नुसता घाबरा चेहरा दिसला असेल.

"भ्यालास व्हय रं?" ते ओरडले आणि त्यांनी दोन्ही हात ताठ वर केले. "गणपती बाप्पा—"

माझ्याकडं पंधरा पायऱ्या उरल्या होत्या. मी त्यांचा उजवा हात धरून खाली ओढला, त्यांनी झटका देऊन सोडवला आणि हट्टानं पुन्हा वर नेला. या माणसाला आयुष्यात कुणी हात खाली घे म्हटलेलं चालत नव्हतं. सात पायऱ्या उरल्या. मी पाना दोन्ही हातांनी उचलला आणि सगळं बळ लावून त्यांच्या दंडावर घातला.

हाड मोडल्याचा आवाज त्या खडखडाटातही ऐकू आला. तात्या किंचाळले नाहीत. त्यांनी तोंड उघडलं, पण आवाजच निघाला नाही. मोडका हात मांडीवर पडला आणि दुसऱ्या हातानं तो पोटाशी धरून ते पार वाकले. गाडी त्यांना घेऊन वरच्या टोकावर गेली आणि पलीकडं दिसेनाशी झाली.

मागून धैर्यशील आला होता. त्यानं माझे केस धरून मला जिन्यावरून खाली ओढलं. किती पायऱ्या मी गडगडलो ते आठवत नाही. खाली पडल्यावर त्यानं बुटानं सुरुवात केली. "माझ्या बापावर हात टाकतोस! माझ्या बापावर!" तो रडत होता आणि मारत होता. त्या क्षणी तो मला खरा पोरगा वाटला, हेही सांगून ठेवतो. बरगडीत काहीतरी कट्कन झालं. मी हात आडवासुद्धा घातला नाही, कारण मी ऐकत होतो. पहिला उतार. पहिली उलट. दुसरी. मग तिसरं वळण. माझं सगळं लक्ष तिथं लागलं होतं. गाडी गर्डरखालून गेली. काहीही आवाज झाला नाही. मी डोळे मिटले आणि बुटाचे फटके मोजायचं सोडून दिलं.

गाडी फलाटाला लागली. तात्या राखेसारखे पांढरे पडले होते. दांडा उघडला तसे ते कुणाचा आधार न घेता उतरले. माझ्यापर्यंत आले, डाव्या हातानं छडी मागितली आणि माझ्या तोंडावर ओढली. भुवई फाटली. दुसरी गालावर बसली.

"पोरागत वागवलं तुला," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक होता. "आनि चार परक्यांच्या म्होरं माझा हात मोडलास?"

"तात्या, बांबू बांधा," मी कसाबसा म्हणालो. तोंडात रक्त होतं. "सीटवर बांबू बांधून एक फेरी सोडा. मग मला मारून टाका."

"बस कर!" धैर्यशील पुन्हा अंगावर आला. पण मध्ये बाबालाल उभा राहिला. लांबच्या वळणावरून धावत आल्यानं त्याला धाप लागली होती. त्यानं धैर्यशीलच्या छातीवर तळहात ठेवला आणि नुसता ठेवला, ढकललं नाही.

"धाकलं मालक, बांबू बांधायला काय जातंय?"

कुंपणाचा एक बांबू उपटला. बाबालाल डब्यात बसला, त्यानं हात वर केला आणि बोटांच्या टोकापाशी बांबूवर खूण केली. तेवढाच तोडून पुढच्या सीटला सुतळीनं आवळून बांधला. कब्बूर शेठ "कशाला, कशाला" म्हणत राहिले. तात्या त्यांच्याकडं नुसते बघत होते. गाडी सुटली.

या वेळी आवाज आला. एकच, कोरडा. बांबूचा वरचा तुकडा गरगरत येऊन गवतात पडला. गाडी परत आली तेव्हा सीटला बांधलेलं खालचं खोड राहिलं होतं आणि त्याच्या टोकाच्या चिंध्या झाल्या होत्या.

धैर्यशील मटकन फलाटावर बसला. तात्यांनी गर्डरवरच्या ताज्या रंगाकडं बघितलं आणि ते कब्बूरजवळ गेले.

"आधी कुनाचा हात गेला?"

"ते जुनं आहे, साहेब," कब्बूर म्हणाले. "आणि त्याच्यामुळं पार्क बंद नाही झालं, खोटं बोलत नाही."

तात्यांनी डाव्या हातानं कब्बूरच्या अशी मुस्काटात ठेवली की त्यांची टोपी उडून रुळांवर जाऊन पडली. त्यांचे गडी पुढं आले, पण एकाचं नाक फुटलेलं आणि दुसऱ्याचा पंजा रक्ताळलेला. दोघंही तिथंच थांबले. मला काय वाटलं ते सांगू? बरगडी मोडलेली, भुवई फाटलेली, आणि मला आनंद झाला होता. हा माझा तात्या. एका नटासाठी मारणारा.

मग ते पायरीवर बसले. बाबालालनं उपरण्याची झोळी करून त्यांचा हात गळ्यात बांधला. तात्या बराच वेळ त्या लाल सांगाड्याकडं बघत राहिले. वर दोन उलटी वळणं उन्हात चमकत होती. दिसायला गाडी खरंच देखणी होती.

"भूपाल, तो गर्डर काढता येतोय?"

"नाही तात्या. वरचा रूळ त्याच्यावरच बसलाय."

"डबं खाली घ्यायचं?"

"कंपनीचे नवे डबे आणावे लागतील. त्या मापाचे आता कुणी करत नाही."

मग धैर्यशील हळूच म्हणाला, खाली मान घालूनच, "बोर्ड लावता येईल. तीन भाषांत. हात वर करू नयेत म्हणून."

मी तात्यांकडं बघितलं. आता याच्याही मुस्काटात बसणार, म्हणून वाट बघत होतो. तात्यांनी हनुवटी खाजवली.

"मोठा लावावा लागंल," ते म्हणाले.

मी आयुष्यात बराच मार खाल्ला आहे, पण त्या तीन शब्दांइतका कुठलाच लागला नाही. मला बोलायचं होतं. गणपतीच्या नावावर आमच्याकडं लहान पोरसुद्धा हात वर करतं, तुम्ही स्वतः आत्ता केलेत, बोर्ड कोण वाचतो, असं सगळं ओरडायचं होतं. तोंडातून नुसतं रक्त आलं.

बोलला तो बाबालाल. चाळीस वर्षांत मालकापुढं ज्यानं 'न्हाई' म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं, तो.

"मला वाचाया येत न्हाई, मालक."

"तुला कोन बसाया सांगतंय?"

"माझ्यासारकीच येत्यात की आपल्याकडं." त्यानं सीटवरची सुतळी सोडली, तो चिंध्या झालेला बांबू काढला आणि तात्यांच्या पायाशी ठेवला. "ही गाडी मी न्हाई चालवायचा. दुसरा मिस्त्री बघा."

तात्यांचं तोंड लाल झालं. छडी उचलण्यासाठी त्यांनी सवयीनं उजवा हात हलवला आणि कळ मस्तकात गेली तसे ओठ आवळले. बाबालाल हात बांधून समोर उभा होता, मार खायच्या तयारीनं. दोघं किती वेळ एकमेकांकडं बघत राहिले. शेवटी तात्या उठले.

"जीप काढ," ते म्हणाले.

निघताना मी सगळ्यांत मागं होतो, बरगडी धरून लंगडत. पॅनेलच्या केबिनचं दार सताड उघडं होतं आणि आत कुणी नव्हतं. जिन्याखाली पडलेला पाना मी उचलून घेतला होता. चार घाव घातले असते तर ते पॅनेल पुन्हा जोडायला कुणाला जमलं नसतं. तसले भागही मिळत नव्हते. माझ्या मनात आलं, तिथं मी थांबलोही. पण अंग ठणकत होतं आणि मी म्हटलं, गाडी आपली थोडीच आहे. जीपचा हॉर्न वाजला आणि मी गेलो.

बेळगावात तात्यांना प्लास्टर घातलं. डॉक्टरांनी विचारलं तर म्हणाले, "पाळन्यावरनं पडलो." मला त्यांनी कामावरून काढलं नाही आणि त्या दिवसाबद्दल एक अक्षर कधी काढलं नाही. लहान गाडी घेतली. धैर्यशीलनं हायवेवरचा फलक रंगवून घेतला आणि त्यावर खरोखरच एक आजी छापली, तोंडाचं बोळकं उघडून हसणारी. त्या मे महिन्यात रांग फाटकाबाहेर गेली. तो नंतर माझ्याशी नीट वागायला लागला. माझी बरगडी भरून आली. तात्यांचा हात मात्र भरला नाही. उजवा हात छातीच्या वर जाईना, मग तर कोपरातही वाकेना. मी दर रविवारी त्यांच्या घरी जायचो आणि काकूंनी केलेला चहा त्यांच्या डाव्या हातात द्यायचो. ते काही बोलायचे नाहीत, पण मी येईपर्यंत चहा घ्यायचेही नाहीत.

चार वर्षं अशी गेली. मग एका रविवारी सकाळी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर मला एक बातमी दिसली. दुसऱ्या राज्यातलं पार्क, मुद्दाम नाव सांगत नाही. मित्रांबरोबर सहलीला आलेला, बावीस वर्षांचा. दोन्ही हात. फोटो छापला होता. त्यात तोच लाल सांगाडा होता, तिसऱ्या वळणावरचा गर्डर होता, आणि फलाटाच्या तोंडाशी एक बोर्ड होता. चांगला मोठा होता, तीन भाषांतला.

मी वर्तमानपत्र घडी करून खिशात घातलं आणि तात्यांकडं गेलो. ते आरामखुर्चीत बसले होते. त्यांच्या पायाशी तेच पान उघडं पडलं होतं.

"वाचलंस?" त्यांनी विचारलं.

"वाचलं."

काकूंनी चहा आणून माझ्या हातात दिला आणि त्या आत गेल्या. तात्या खिडकीबाहेर बघत होते. तिकडं बघतच म्हणाले, "आपल्याकडं न्हाई झालं न्हवं?"

सकाळपासून मी स्वतःला हेच सांगत होतो. अगदी याच शब्दांत. केबिनचं उघडं दार डोळ्यांपुढून हलत नव्हतं, आणि तरी हेच सांगत होतो.

त्यांनी डावा हात पुढं केला. मी चहाचा कप त्यांच्या उजव्या बाजूच्या तिपाईवर ठेवला आणि घराबाहेर पडलो.